दिव्याच्या आणि भाताच्या मध्ये

त्याने माझ्याकडे सगळ्यात आधी काय मागितलं असेल, तर पातेलं. वरची खोली भाड्याने घेऊन त्याला आठवडाही झाला नव्हता. सकाळी जिना उतरून आला आणि म्हणाला, "मावशी, एखादं जुनं मोठं पातेलं असेल तर द्या. पण मग त्यात पुन्हा काही शिजवू नका."

आता असं मागणाऱ्याच्या मागे जाणार नाही अशी बाई मला दाखवा. मी पातेलं दिलं आणि थोड्या वेळाने चहाचं निमित्त काढून वर गेले. बघते तर गॅसवर पाणी खळखळतंय आणि आत जाडजाड शेवया फिरतायत. जवळ जाऊन पाहिलं तर गिटारच्या तारा. तो सांगायला लागला की तारांत हाताचा मळ बसतो, मग त्यांचा आवाज मिटतो, उकळल्या की पुन्हा बोलायला लागतात. मग त्याने त्या तारा माझ्या कपड्यांच्या दोरीवर, माझ्या परकरांच्या शेजारी, चिमटे लावून वाळत घातल्या. समोरची गुजराती भाभी ओट्यावरून बघत होती. तिने मला हाताने विचारलं, काय आहे हे. मीही हातानेच सांगितलं, मला तरी काय माहीत.

इथं गुजरातेत, गोडादऱ्यात, आमच्या गल्लीत तऱ्हेवाईक माणसांची काही कमी नाही. पण हा वेगळाच होता. तिशी उलटलेली, एकटा जीव, दिवसा एम्ब्रॉयडरीच्या मशीनची डिझाइनं कॉम्प्युटरवर पाडायचं काम करायचा, त्याला इथं पंचिंग म्हणतात. आणि संध्याकाळी बँड. लग्नातला बँड नाही बरं का. मलाही आधी तसंच वाटलं होतं आणि मी विचारलंही होतं की घोडीवाला तुमचाच का. गिटार, ड्रम, आणि त्यांच्या जोडीला संबळ. गाणी मात्र आपली, खानदेशातली, अहिराणी, बायकांनी पाळण्याजवळ नाहीतर हळदीला म्हटलेली. बँडचं नाव 'आठवेल तेवढं'. मी म्हटलं, हे काय नाव झालं? तो म्हणाला, खरं नाव आहे, मावशी.

आला त्या दिवशीचीच गोष्ट. दारावरची पाटी त्याने मोठ्याने वाचली. आमच्या ह्यांचं अख्खं नाव, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, जसं काही हजेरीच घेतोय. मग मला विचारलं, "हे घर यांचंच ना?" मी नुसती मान हलवली. हे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पुढे त्याला भाडेकराराच्या वेळी मी विचारलं की तुझ्या वडिलांचं नाव काय रे, तर त्याने आईचं सांगितलं. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा आईचंच सांगितलं. "मधलं नाव तेच आहे," म्हणाला, "दुसरं नाही." त्याच्या तोंडावरून कळलं की इथं दार बंद आहे. मला लोकांच्या घरात डोकावायची भारी खोड, पण लावलेली कडी मी वाजवत नाही.

त्याची गाणी जमवायची रीत अशी, की भाजीबाजारात एखादी डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी दिसली की हा तिची पिशवी उचलणार आणि विचारणार, "माय, तुले अर्धं काही येस का?" तुला अर्धं काही येतं का! म्हातारी बिचारी घाबरायची. अर्धं काय? अर्धं गाणं. तिला पूर्ण येत असलं तर हा हात जोडायचा, म्हणायचा, पूर्ण आहे ते तुमच्याजवळ सुखात आहे, तुम्ही म्हणा, तुमच्या सुनांना शिकवा. मला अर्धं द्या.

आणि त्या अर्ध्याचं काय करायचा ते मी पहिल्यांदा पाहिलं आमच्याच सोसायटीच्या रिकाम्या प्लॉटवर. लोक सतरंज्यांवर बसलेले, गुडघे धरलेल्या आमच्यासारख्या बायका खुर्च्यांवर. आता गाण्याच्या कार्यक्रमात उजेड कुठे असतो? गाणाऱ्यावर. याने मंडपवाल्याला सांगून सगळ्या ट्यूबलाइटा आमच्या डोक्यावर लावून घेतल्या होत्या आणि स्वतः अंधारात. पायाजवळ एक पिवळा दिवा, बस. मंडपवाला कुरकुरला, तर त्याला म्हणाला, "त्यांना मला बघून काय करायचंय? मला ते दिसले पाहिजेत."

मग गाणं सुरू झालं. ड्रम असा वाजत होता की माझ्या खुर्चीचे पाय थरथरत होते. आणि ऐन भरात सगळं एकदम थांबलं. लाइट गेली की काय म्हणून मी वर बघितलं. लाइट होती. कुणी हलेना. शेजारची बाई मला कानात म्हणाली, "इथून पुढचं त्याला येत नाही. कुणाला येत असेल तर म्हणायचं." असं ते सगळे गप्प बसून राहिले. इतका वेळ की दूरच्या खात्यातली, म्हणजे लूमच्या कारखान्यातली, खडखड ऐकू यायला लागली. आणि मग मागून कुणीतरी, रिक्षावाल्यासारखा खाकी शर्ट घातलेला माणूस, बसूनच, चिरक्या आवाजात एक ओळ म्हणाला. त्याची आजी म्हणायची म्हणे. झालं! ड्रमवाल्याने अशी काठी मारली आणि गाणं पुढे धावलं. तो माणूस रडत होता आणि शेजारचे त्याच्या पाठीवर थापा मारत होते, जसा काही त्याला मुलगा झालाय.

त्या दिवसापासून मला कळलं की या बँडच्या मागे लोक का फिरतात. फिरायचे हो, वेड्यासारखे. लिंबायत, उधना, अमरोली, पांडेसरा, जिथं कार्यक्रम तिथं तेच चेहरे. पाळी सुटली की लूमवरून थेट येणारे, बोलताना अजूनही ओरडून बोलणारे. टपालातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, ते एका पाळण्याच्या एका ओळीसाठी प्रत्येक कार्यक्रमाला यायचे. ओळ त्यांना माहीत होती असं नाही, ती कुणाला तरी सापडेल तेव्हा आपण तिथं असावं एवढंच. कॉलेजची गुजराती पोरं यायची, त्यांना अहिराणीचा एक शब्द कळत नव्हता, पण थांबायची जागा आली की तीसुद्धा श्वास रोखायची. ड्रमवाला कतारगामचा, तोही गुजरातीच. माझ्याकडे आला की जिन्यावरूनच विचारायचा, "मासी, चा मळशे?" आणि चहा पिता पिता तक्रार करायचा की जगातला हा एकच बँड आहे जो न वाजवण्याची प्रॅक्टिस करतो.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक गाणं होतं. कार्यक्रमाचं शेवटचं गाणं नेहमी तेच. त्याच्या आईचं.

उंबऱ्यावर दिवा, दिवाले वात,
…
ताटमा निवी ऱ्हायना भात.

इतकंच. उंबऱ्यावर दिवा आहे, दिव्याला वात आहे, मग काहीतरी, आणि ताटात भात निवतोय. मधली ओळ त्याला आठवत नव्हती. आई लूमच्या साड्यांचे धागे कापायचं काम घरी आणायची, तेही करताना म्हणायची, स्वयंपाक करताना तर रोजच. ती गेली तेव्हा हा कॉलेजात होता. गेल्यावर म्हणायला गेला आणि मधे अडखळला. "मावशी, रोज ऐकलेलं गाणं," तो मला म्हणाला होता, "आणि बरोबर तिथं काही नाही. मला दुसरं काही नकोय. आई तिथं काय म्हणायची, ते हवंय." बँड त्याने त्यासाठी काढला. बाकीची अर्धी गाणी वाटेत भेटली.

लोकांनी त्याला किती ओळी दिल्या! वात आणि भात जुळतं म्हटल्यावर काय, कुणी म्हणे बाहेर काळी रात, कुणी म्हणे मी धुतले पाय-हात, कुणी म्हणे सासूची मोठी जात. एकाने तर 'गुजरात'ही बसवून दाखवलं. तो प्रत्येक ओळ ऐकायचा, तोंडातल्या तोंडात म्हणून बघायचा आणि मान हलवायचा. "छान आहे. आईची नाही." एकदा मुंबईहून एक चष्मेवाले गृहस्थ गाडी घेऊन आले. हे गाणं त्यांना नीट ध्वनिमुद्रित करायचं होतं, जगभर पोचवायचं होतं. फक्त मधली ओळ हवी. तुम्हीच लिहा की एक, ते म्हणाले, तुम्ही कवी आहात. ड्रमवाला आशेने याच्याकडे बघत होता. याने पाहुण्यांना जेवायला घातलं, दोरीवर वाळणाऱ्या तारा दाखवल्या आणि गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आला. ड्रमवाला नंतर माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "मासी, हा एक ओळ नाही लिहीत. दिवसभर साडीवर मोर काढतो, तो काय याच्या आईने काढलेला असतो?" मला हसू आलं, पण ते पोरगं खरंच हिरमुसलं होतं. बँड मोडतोय की काय असं वाटत होतं त्या दिवसांत.

मी त्याच्यासाठी पुष्कळ डोकं खाजवलं. पण हे गाणं आमच्याकडचं नव्हतं. मी नंदुरबारच्या बाजूची, त्याची आई चोपड्याकडची. खानदेश एक म्हणायचा, पण गाणी तालुक्यागणिक बदलतात.

मग एका दुपारी काय झालं, मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. तो कामावरून लवकर आला होता आणि पायरीवर बसून काड्या वेगळ्या करायला लागला. मी सहज विचारत गेले. आता मला एक सवय आहे. बाकीचे त्याला शब्द विचारायचे. मला शब्दांत काही कळत नाही, मला माणूस काय करत होता ते हवं असतं. मी विचारलं, गाणं म्हणायची तेव्हा बसायची कुठे? म्हणाला, स्टोव्हसमोर, पाटावर. हातात काय? भाकरीचं पीठ, नाहीतर उलथणं. तोंड कुणीकडे? तो विचार करून म्हणाला, दाराकडे. मग मी विचारलं, "आणि ती न आठवणारी ओळ यायची तेव्हा काय करायची?"

"काही नाही. जरा थांबायची. पदर सारखा करायची."

"सारखा म्हणजे?"

"डोक्यावर घ्यायची. घामाने घसरत असेल. स्टोव्हची धग लागायची ना."

मी म्हटलं, "अरे, धग लागली तर बाई पदर काढेल की घेईल?"

तो हसला. म्हणाला, हे कधी डोक्यातच आलं नाही. पण माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. इतकी वर्षं तो ओळ शोधत फिरला, हजारो माणसांना गप्प बसवून ऐकत राहिला, आणि ही गोष्ट त्याने कुणाला सांगितलीच नव्हती. कारण कुणी विचारलीच नव्हती.

"बाबा," मी म्हटलं, "तुझी आई तिथं काही म्हणतच नव्हती."

"म्हणजे?"

"तिथं नाव घ्यायचं असणार. उंबऱ्यावर दिवा कुणासाठी लावलाय? भात कुणाचा निवतोय?"

आता आजच्या मुलींना हे सांगावं लागतं. आमच्या वयाच्या बायकांनी नवऱ्याचं नाव घेतलं ते उखाण्यात, चारचौघींत, आग्रह झाल्यावर, तेवढंच. हळदीला, लग्नाला असं गाणं फिरत येतं, आपली पाळी आली की त्या जागेवर आपण आपल्याचं नाव गुंफायचं, आणि गाण्याच्या आड नाव घेतलेलं चालतं. पण घरात, एकटीने, स्टोव्हसमोर? तिथं कोण आग्रह करणार? मग त्या जागेवर आलं की थांबायचं, पदर पुढे ओढायचा आणि भाताकडे जायचं. रेशनच्या ऑफिसात साहेबाने मला ह्यांचं नाव विचारलं होतं तेव्हा मी लेकाला पुढे केलं होतं. साहेब म्हणाला, बाई, मुकी आहेस का? पण नाही निघालं तोंडातून. ते गेल्यावरही नाही. ह्यांच्याबद्दल किती बोलते मी, दिवसभर बोलते, पण आमचे हे, पोरांचे वडील, असंच.

तो काड्या वेगळ्या करायचा थांबला होता. मग हळूच म्हणाला की लहानपणी मामाच्या लग्नात बायका काहीतरी असंच म्हणत होत्या, पण प्रत्येक वेळी मधे वेगळंच काहीतरी यायचं, म्हणून त्याला ते दुसरं गाणं वाटलं होतं. आईची पाळी आली तेव्हा ती उठून पाणी आणायला गेली होती.

वडिलांचं मला तेव्हा कळलं. गावी जाऊन येतो म्हणून गेले ते आलेच नाहीत. हा शाळेत नुकता जायला लागला होता.

"आईने घरात त्याचं नाव कधी काढलं नाही," तो म्हणाला. "मला वाटायचं, राग आहे. म्हणून मीही टाकून दिलं. ती रोज त्याला ताट वाढत होती?"

मी म्हटलं, "राग असेलही. रागावलेली बाई काय ताट वाढत नाही?"

तो उठला आणि वर गेला. मेथी तशीच पडली होती. त्यानंतर कित्येक दिवस वरून गिटार ऐकू आली नाही. दोरीवर तारा नाहीत. ड्रमवाला यायचा, चहासुद्धा न मागता वर जायचा आणि तसाच खाली यायचा. टपालवाले गृहस्थ एकदा पत्ता शोधत आले आणि मलाच विचारून गेले की बरा आहे ना. मी काय सांगणार? ज्या वडिलांना त्याने आपल्या नावातून काढलं होतं, तेच आता गाण्याच्या बरोब्बर मधे येऊन बसले होते. आता तो गाणं टाकेल, की त्यांना बसू देईल? मी रोज जिन्याकडे कान लावून बसायचे.

मग कळलं की कोसाडला कार्यक्रम आहे. तिथल्या कॉलनीतल्या मंडळाने ठरवलेला, आधीचाच. आम्ही चौघीजणी एका रिक्षात दाटीवाटीने बसून गेलो. मैदान भरलं होतं. उजेड आमच्यावर, तो अंधारात, सगळं नेहमीसारखं. त्याचा आवाज जरा बसला होता. एक पाळणा अडला, तो एका पोरीने पुरा केला, टाळ्या झाल्या. आणि मग शेवटचं गाणं आलं.

उंबऱ्यावर दिवा, दिवाले वात. गाणं थांबलं. नेहमीप्रमाणे इथूनतिथून हात वर झाले, लोकांनी नव्या ओळी आणल्या होत्या. तो माइकजवळ आला.

"आज ओळ देऊ नका," तो म्हणाला. "तिथं ओळ नव्हतीच. तिथं एक नाव होतं, आणि ते माझ्या आईला घेता येत नव्हतं. तुमच्याजवळही असं एखादं असेल. घ्यायचं असेल तर घ्या. नसेल तर बसा नुसते."

मग त्याने मंडपवाल्याला हात केला. आमच्यावरच्या ट्यूबलाइटा एकेक करून गेल्या. इतक्या वर्षांत कधी न झालेली गोष्ट. मैदानभर अंधार, फक्त त्याच्या पायाजवळचा पिवळा दिवा, आणि पहिल्यांदाच आम्हाला तो दिसला आणि त्याला आम्ही नाही.

आधी काहीच नाही. मग कुठूनतरी पुटपुटल्यासारखं झालं. मग आणखी कुठून. चिंचेच्या झाडावर संध्याकाळी पाखरं उतरतात तसा एक आवाज सगळ्या मैदानातून यायला लागला, पण एकाही नावाचा नीट उच्चार कळत नव्हता. पुरुषांचेही आवाज होते. कुणाची नावं घेत होते ते, देव जाणे. शेजारची बाई घेत होती की रडत होती, कळलं नाही. आणि मी ऐकलं तर माझाही आवाज त्यात होता. उखाणा नाही, राव नाही, आडनाव नाही. नुसतं नाव. मीच दचकले. किती छोटं आहे ते नाव! पाटीवर केवढं मोठं दिसतं.

त्याने घेतलं का? त्याचे ओठ हलले एवढं मला दिसलं. लूमवाल्याच्या बायकोला ओठांवरचं वाचता येतं, खात्याच्या खडखडाटात आम्ही तसंच बोलायचो. पण मी नजर खाली केली. जगातली सगळी कुतूहलं मला आहेत. हे एक मी त्याच्याजवळ ठेवलं. आता तो चलथाणकडे राहायला गेलाय, अधूनमधून येतो, चहा पितो. अजूनही विचारलेलं नाही.

मग ड्रमवर हलकेच काठी पडली आणि सगळ्यांनी मिळून भाताची ओळ म्हटली. त्याला एकट्याला म्हणावी लागली नाही. गाणं संपल्यावर मंडपवाल्याने ट्यूबलाइटा लावल्या. त्या फडफडत लागल्या आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. तो माइक धरून उभा होता, आमच्याकडे बघत. बघतच राहिला. मला वाटलं काय झालं याला, म्हणून मी मागे वळून पाहिलं.

मैदानातल्या जितक्या म्हणून बायका होत्या, त्या सगळ्यांच्या डोक्यावर पदर होता. अंधारात कुणी कधी घेतला कुणास ठाऊक. मी हात वर नेऊन बघितला. माझ्याही होता.